सवतीची पाठवणी

"पाठ दाखवून जायचं नाही. मी माणसाच्या तोंडाशी बोलते, पाठीशी नाही."

हा आवाज आईचा, पण आजचा नव्हे. आजचा तिचा आवाज जुन्या बिजागरीसारखा आहे. उघडताना कुरकुरतो आणि मिटताना उगाच मोठा वाजतो. हा पन्नास वर्षांपूर्वीचा, नव्या पितळेचा. त्या सकाळी आबा डबा विसरून कामावर निघाले होते आणि आई त्यांच्या पाठीला तीनदा हाक मारून थकली होती. दादा तेव्हा बारा वर्षांचा, पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. आबा वळले. आईकडे तोंड केलं, चकार शब्द न काढता एकेक पाऊल मागे टाकत फाटकापर्यंत गेले, आणि फाटकाशी ठेवलेल्या कुंडीत बसले. कुंडी फुटली. आई हसली. ज्या घरात आई वर्षातून दोनदा हसे, त्या घरात रीत पडायला एवढं कारण पुष्कळ झालं.

तेव्हापासून या घरातलं माणूस बाहेर निघालं की फाटकापर्यंत उलटं चालतं. शाळेला जाताना, कामाला जाताना, भांडून कायमचं निघून जातानासुद्धा. दादाच्या धाकट्या बहिणीचा, बारकीचा, नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला वाटलं, या घरात सगळ्यांना एकच आजार आहे. तरी त्याने लग्न केलं. त्यालाही काहीतरी असणार. आणि नऊ वर्षांपूर्वी आबा शेवटचे निघाले, तेव्हा त्यांचं तोंड फाटकाबाहेर पडेपर्यंत घराकडे राहील, हे दादाने जातीने पाहिलं होतं.

त्यामुळे आज सवत निघायची वेळ आली, तेव्हा ती कशी निघणार याबद्दल दादाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सवत म्हणजे गाडी. शेवाळी रंगाची, गोल डोळ्यांची, आबांनी लग्नानंतर सहाव्या महिन्यात घरी आणलेली. "माझ्यात काय कमी होतं?" असं आईने तेव्हा विचारलं म्हणतात, आणि "तुला चाकं नाहीत," असं आबा म्हणाले म्हणतात. बायकोला असं उत्तर देणारा माणूस पुढे पन्नासहून जास्त वर्षं जगला, यात आईचा मोठेपणा होता. तिने सूड फक्त ओव्यांतून घेतला. आताही ती ओसरीवरच्या खुर्चीत बसून गुणगुणत होती:

*सवत माझी बाई, चार चाकांची नार,*
*हिला रोज आंघोळ, माझ्या उशीला ठिगळं चार.*

घर रविवारी रिकामं करायचं होतं. आई दुसऱ्या मुलाकडे, नानाकडे, पाचव्या मजल्यावर जाणार होती. सवत लिफ्टमध्ये मावत नव्हती. इंजिन अकरा वर्षं बंद, हँडब्रेकची दांडी नुसती शोभेची. म्हणून ती बारकीकडे, तिच्या गावाबाहेरच्या मोठ्या आवारात जाणार होती, आणि बारकी सकाळीच आपला पिकअप आणि त्यामागे रिकामा ट्रेलर घेऊन आली होती.

बारकी आता बारकी राहिली नव्हती. छप्पन्न वर्षांची, दारात उभी राहिली तर घरात अंधार पडावा अशी झाली होती. तीस वर्षं ओझी ओढणं हा तिचा धंदा: यंत्रं, होड्या, एकदा तर बागेसाठी सिमेंटचा जिराफ. त्या जिराफाचा एक कानसुद्धा मोडला नाही, असं ती सांगते. म्हणजे सांगत असे. दादाला तिने गेल्या नऊ वर्षांत काहीच सांगितलं नव्हतं.

दोघं बोलत नव्हते. एका घरात, एका ताटावर, एका गाडीच्या दोन बाजूंना उभं राहूनही बोलत नव्हते. जे काही असेल ते आईमार्फत. आणि आईला कमी ऐकू येत असे. निदान तिला सोयीचं असे तेवढं कमी.

"आई, त्याला सांग," बारकी ट्रेलरची फळी खाली सोडत म्हणाली, "गाडी तोंड पुढे करून चढवायची. इंजिन पुढे आहे. वजन पिकअपच्या बाजूला राहिलं पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागून नाचतो."

आईने मान वळवली. "ती म्हणते, अक्कल पुढे ठेव."

"तिला सांग," दादा म्हणाला. निवृत्त मुख्याध्यापक असल्याने तो अंगणात बोलतानाही सहाशे मुलांना ऐकू जाईल असं बोलायचा. "तिला सांग, या घरातून कुणी पाठ दाखवून गेलेलं नाही. गाडीसुद्धा जाणार नाही. ती उलटी चढेल, म्हणजे जाताना तिचं तोंड घराकडे राहील. आबांना हेच आवडलं असतं."

"तो म्हणतो, नाही."

"एवढं बोलला आणि फक्त नाही?"

"बाकी भाषण होतं," आई म्हणाली. "सदतीस वर्षं शाळेत केलं. तिथल्यांना पगार नसला तरी सुट्टी होती, मी कशाला ऐकू?"

नाना मध्ये उभा होता. नाना विम्याचं काम करतो आणि आयुष्यभर शेवटच्या बोलणाऱ्याच्या बाजूने असतो. "दादाचं बरोबर आहे," तो म्हणाला. बारकीने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे बारकीचंही बरोबर आहे. तिच्या जागी."

"भाऊजी," दादाची बायको भांड्यांचं खोकं बांधता बांधता म्हणाली, "तुमची एक जागा कुठली ते सांगा. तिथे खुर्ची टाकते."

दादाने मात्र कामाला सुरुवात केली होती. शाळेत स्काउटचं पथक त्याच्याकडे होतं, आणि बावीस प्रकारच्या गाठी त्याला डोळे मिटून येत. त्याने नायलॉनची दोरी सवतीच्या चकचकीत बंपरला बांधली आणि अशी गाठ मारली की बघणाऱ्याने टोपी काढावी. बारकीने वाकून गाठ पाहिली, मग बंपर दोन बोटांनी हलवला. बंपर बोलला.

"आई, त्याला सांग, हा बंपर गंजाने धरून ठेवलाय. दोरी इथे बांधली तर पहिल्या खड्ड्यात बंपर आपल्याकडे राहील आणि गाडी पुढे जाईल. बांधायचं ते आसाला, खालून. पट्ट्याने."

"ती म्हणते, गाठ छान आहे."

"मी असं म्हटलं नाही."

"मला भांडण नकोय," आई म्हणाली.

दादाने गाठ सोडली, कारण बंपरचा आवाज त्यानेही ऐकला होता. पण तोंडाच्या बाबतीत तो हटेना. शेवटी त्याने हुकमाचं पान टाकलं. "आई, तूच सांग. सवत तुझी आहे. कशी जाऊ द्यायची?"

शेडच्या सावलीत सवत उभी होती, गोल डोळ्यांनी कुठेच न बघता. आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पन्नास वर्षं मी हिची पाठच बघितली," ती म्हणाली. "माझा नवरा घेऊन जायची. एकदा तरी थोबाड बघू दे मेलीचं."

यावर नाना रडलाच. तो शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने रडतोही. बारकीने हात कमरेवर ठेवून एक लांब श्वास सोडला. मग ती ओसरीवर गेली आणि आईच्या बऱ्या कानाशी वाकून हळू काहीतरी सांगू लागली. दादाला शब्द पोचले नाहीत. आई मान हलवत राहिली.

"काय म्हणते?" दादाने विचारलं.

"ती म्हणते, बरं."

बारकीने खरं तर सांगितलं होतं की कोपऱ्यावरच्या मैदानापर्यंत उलटी नेते, तेवढ्याला चालेल. मग तिथे उतरवून, वळवून, सुलटी चढवते आणि पुढच्या रस्त्याला लागते. आणि हे दादाला नीट समजावून सांग. पण आई चौऱ्याऐंशीची होती, आणि तिच्या मते निरोप हा लोणच्यासारखा, थोडाच द्यायचा.

ट्रेलरवरच्या विंचची, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या रहाटाची, तार सवतीच्या मागच्या आसाला लागली. मोटर घुरघुरली. आणि सवत, जिने आबांशिवाय कुणाचं ऐकलं नव्हतं, ती मागे मागे सरकत फळीवर चढली, एखाद्या मानी बाईने सासरची पायरी उलटी चढावी तशी. दादा आत बसून स्टिअरिंग सरळ धरत होता. आतला वास अजून आबांचाच होता: तेल, फडकं, आणि खिशात विरघळलेली खोकल्याची गोळी.

तो वास नाकात गेला आणि दादाला ते वाक्य आठवलं.

दादाकडे नऊ वर्षं एक वाक्य होतं. आबा आजारी पडले तेव्हा बारकी दोन दिवसांच्या वाटेवर होती, कुठलंसं यंत्र घेऊन. आबा गेले, आणि ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच तिने विचारलं, "मला कळवलं का नाही?" आणि दादा म्हणाला, "तुझा फोन लागत नव्हता." ती पाहुण्यांसमोर म्हणाली, "खोटं बोलतोस." दादाने मुख्याध्यापकाचा चेहरा केला आणि जाहीर केलं की माफी मागेपर्यंत तो तिच्याशी बोलणार नाही. तिने मागितली नाही. अर्धे नातेवाईक तिच्या तोंडाळपणावर नाराज झाले, अर्धे त्याच्या ताठ्यावर. आणि दादा नऊ वर्षं दुखावलेल्या माणसासारखा वावरला.

फोन लागला असता. त्याने लावलाच नव्हता.

हे बायकोला माहीत होतं, कारण तेव्हा फोन तिच्याच हातात होता आणि त्याने तो काढून घेतला होता. ती आता गाडीच्या खिडकीपाशी आली.

"आज सांगणार आहात ना?"

"बघू."

"रविवारनंतर हे घर नाही. नानांच्या घरी अंगण नाही, ओसरी नाही, चुकून समोरासमोर यायला जागा नाही. ती एकदा ही घेऊन गेली की इथे यायचं कारणच संपलं."

"कळतंय मला."

"नसेल जमत तर मी आईंना सांगते," ती शांतपणे म्हणाली. "त्या तिला सांगतील. थोडक्यात."

दादाच्या डोळ्यांपुढे तो थोडक्यातला निरोप उभा राहिला आणि त्याला घाम फुटला. तो गाडीतून उतरला आणि सरळ पिकअपकडे गेला. "मी बरोबर जातो," त्याने हवेला सांगितलं. "गाडी मध्येच कुणी फिरवू नये म्हणून."

"तो म्हणतो, मी येतो," आई बारकीला म्हणाली.

तो नियमाप्रमाणे उलटा चालत पिकअपपर्यंत आला आणि दाराच्या हँडलने पाठीत टोचून घेतलं. बारकीने सवत पट्ट्यांनी आवळली आणि पिकअप हलला. सवत फाटकातून बाहेर पडली, तोंड घराकडे, गोल डोळे ओसरीकडे. आई खुर्चीतून उठली. हात हलवेल असं वाटलं, तिने फक्त पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, सुटलीस."

कॅबिनमध्ये आई नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांच्या मध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं. दादाने पुढच्या काचेकडे पाहून घसा साफ केला.

"काही लोक गाडी फार हळू चालवतात," तो काचेला म्हणाला.

"काही लोकांना मागे काय बांधलंय ते माहीत नसतं," बारकी आरशाला म्हणाली.

कोपरा आला. बारकीने वळायचा दिवा लावला आणि लगेच बंद केला. मैदानात पाण्याचे टँकर उभे होते, फाटकापासून पार शेवटपर्यंत, एकमेकांना नाक लावून. ट्रेलरसकट आत शिरायला जागा नव्हती. मागून बस भोंगा वाजवत होती. बारकीने दातांतून काहीतरी म्हटलं, जे आईने नक्कीच गाळलं असतं, आणि ती पुढे निघाली. पुढे रस्ता उताराचा होता, खाली पुलापर्यंत सरळ.

"थांबायचं नव्हतंच," दादा काचेला म्हणाला. "तसं ठरलं होतं."

बारकीची नजर आरशात होती. आरशात सवतीचं बूड दिसत होतं, शेवाळी, गुबगुबीत. बारकी तशी पंचवीसनेच चालवत होती. पण उतार उतार असतो. काटा तिसावर आला, पस्तिसावर आला. आणि मग मागून कुणीतरी खोडसाळपणे कोपर मारल्यासारखा पिकअपचा मागचा भाग जरा डावीकडे गेला.

मग उजवीकडे.

मग परत डावीकडे, आणि या वेळी जास्त. आरशात ते गुबगुबीत बूड ठुमकू लागलं होतं. पहिल्यांदा हसू यावं असं. तिसऱ्या झोक्याला दादाचं हसू थांबलं, कारण आता ते बूड पिकअपलाच हलवत होतं. ट्रेलर मागून येत नव्हता, तो पिकअपला धरून झुलवत होता. समोरून एक सायकलवाला येत होता. रस्त्याचा कठडा दादाच्या खिडकीपाशी आला, गेला, परत आला.

"ब्रेक," दादा ओरडला. "ब्रेक मार, ब्रेक."

"ब्रेक नाही. गप्प बस."

नऊ वर्षांनंतरचं हे त्यांचं पहिलं बोलणं.

बारकीने पाय उचलला होता. स्टिअरिंग तिने सरळ धरून ठेवलं होतं. झोक्याच्या मागे ते फिरवलं नाही. तिचा डावा हात खाली गेला, डॅशबोर्डखाली एक छोटी दांडी होती, ट्रेलरच्या चाकांना वेगळा ब्रेक लावणारी. ती तिने हळू, अगदी हळू ओढली, बाळाच्या तोंडातून काहीतरी काढून घ्यावं तशी. मागून कुणीतरी शेपूट धरल्यासारखं झालं. झोका लहान झाला. आणखी लहान झाला. सायकलवाला बाजूने गेला. त्याला काहीच कळलं नव्हतं, तो शीळ घालत होता. पुलाआधी डाव्या हाताला वजनकाट्याचं मोकळं आवार होतं. बारकीने गाडी तिथे आत घेतली आणि उभी केली.

दोघं समोर बघत बसले. दादाच्या हातात दाराचं हँडल होतं. ते तुटून हातात आलं होतं.

"हे," तो म्हणाला, "आधीच सैल होतं."

"हो," बारकी म्हणाली. "बंपरसारखं."

काटेवाला हातात कप घेऊन बाहेर आला. त्याने ट्रेलरकडे पाहिलं, सवतीकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं. "नवरा-बायको?"

"भाऊ आहे," बारकी म्हणाली.

"तरीच. नवरा-बायको असते तर गाडी कुणी चढवली यावरून आत्तापर्यंत खून झाला असता." त्याने एक घोट घेतला. "कुणी चढवली?"

बारकीने ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावले, मागच्या कडेखाली दोन टेकू दिले, हुक सोडवला आणि दादाकडे वळली.

"उचल."

"मी?"

"आई इथे नाहीये. मी तुलाच सांगतेय."

दादाने ट्रेलरची मान, म्हणजे हुकात बसणारी पुढची दांडी, दोन्ही हातांनी धरली, जोर लावायला पाय रोवले, आणि ती इतकी सहज वर आली की तो मागे धडपडला. एखादं रिकामं दप्तर उचलावं तशी.

"एका हाताने," बारकी म्हणाली.

त्याने एका हाताने उचलली. तो बासष्ट वर्षांचा होता आणि डॉक्टरांनी त्याला बादली उचलायला मनाई केली होती.

"अकराशे किलोची बाई आहे ती," बारकी म्हणाली. "त्यातले शंभर-सव्वाशे तरी इथे, हुकवर बसायला हवेत. तुला हलवतासुद्धा येता कामा नये. हुकवर वजन असलं की ट्रेलर मुकाट मागे येतो. नसलं की त्याला वाटतं, आपणच पुढे आहोत."

दादाने मान हळूच खाली ठेवली. "मला आईने फक्त बरं एवढंच सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"तू म्हणालीस, बरं. बाकी काही नाही."

बारकीने डोळे मिटले. तिचे खांदे हलू लागले, आणि दादाला क्षणभर वाटलं, ही रडतेय. ती हसत होती. पोट धरून, ट्रेलरला टेकून. "मी दहा मिनिटं सांगत होते तिला," ती म्हणाली. "दहा मिनिटं. मैदान, वळवणं, वजन, सगळं." दादालाही हसू आलं, पण ते अर्ध्यात थांबलं. ती हसली की अजून बारकीच दिसत होती, आणि ते बघणं त्याला सोपं जात नव्हतं.

मग बारकीने हुक परत अडकवला आणि पट्टे सोडले. विंचने सवत खाली सोडली. काटेवाल्याने कप भिंतीवर ठेवला आणि खांदा लावला. दादा आत बसून स्टिअरिंग फिरवत होता, बारकी एका बाजूने ढकलत होती. वीतभर पुढे, हातभर मागे करत सवतीने तोंड वळवलं. आता तार पुढच्या आसाला लागली. ती फळीवर नाकासमोर चढली. या वेळी बारकीचं लक्ष सवतीकडे नव्हतंच, पिकअपच्या मागच्या चाकांकडे होतं. गाडी पुढे सरकत गेली तसा पिकअप खाली बसत गेला. एक बोट, दोन बोटं, चार.

"थांब. इथेच." तिने विंच बंद केला. "आता गिअरमध्ये टाक आणि उतर."

तिने हुकाखालच्या साखळ्या एकीवरून एक अशा तिरक्या टाकल्या. दादाने कारण विचारलं. हुक निसटला तर ट्रेलरची मान रस्त्यावर न आपटता या झोळीत पडावी म्हणून, ती म्हणाली. त्याने तिला सवतीच्या चाकांच्या टोप्या काढून दिल्या, आरसा दुमडला, काचा वर केल्या. घरून गाडीवर घालायला म्हणून आणलेली चादर त्याने पुढे केली. तिने ती परत त्याच्या हातात दिली.

"वाऱ्याने फडफडते. शंभर किलोमीटर फडफडली की कापडाची सुद्धा कानस होते. रंग जाईल."

तो "बरं" म्हणाला, आणि ते खरंच बरं होतं, मागेपुढे काही न गाळलेलं.

पट्टे चार होते, रुंद, नारिंगी, प्रत्येकाला खटक्याची मूठ. बारकी फळीवर आडवी झाली आणि सवतीच्या पोटाखाली सरकली. दादाला आता तिचे बूट तेवढे दिसत होते, टाचेशी झिजलेले. तो वरून पट्ट्याचं टोक देत होता, ती ते आसाभोवती घेऊन परत देत होती. उजव्या चाकाचा पट्टा डाव्या कडीला, डाव्याचा उजव्या कडीला.

"ताण आता," खालून आवाज आला.

त्याने मूठ वरखाली केली. खट, खट, खट. "किती घट्ट?"

"हलवून बघ. गाडी एकटी हलली तर सैल. ट्रेलरसकट हलली तर झालं."

त्याने सवतीला खांदा दिला. ट्रेलरसकट हलली.

"दहा किलोमीटरवर उतरून परत बघायचं," ती म्हणाली. "पट्टे पहिल्यांदा बसतात, मग ढिले पडतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी उतरत नाही. मागचा दे."

त्याने मागचा दिला. काटेवाला कप घेऊन आत गेला होता. पुलावरून गाड्या जात होत्या, एकेक, आपापल्या वजनाने. दादा सहाशे मुलांसमोर बोललेला माणूस होता. निरोपाची भाषणं, बक्षीस समारंभ, एकदा तर मंत्री आले असताना दिवे गेले तेव्हा अंधारात वीस मिनिटं. आता त्याला एका जोडी बुटांशी बोलायचं होतं.

"बारके."

"पीळ पडलाय त्याला. सरळ कर आणि दे."

त्याने पट्ट्याचा पीळ काढला. एकदा काढला, परत बघितला, परत काढला. पीळ नव्हताच आता.

"फोन लागत होता," तो म्हणाला.

पट्टा खालून ओढला जात होता, तो थांबला. बूट हलले नाहीत.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. आवाज सवतीच्या पोटातून आल्यासारखा, जरा घुमणारा. "तेव्हा चार दिवस मी एका ढाब्यावर पडून होते. यंत्राचा परवाना यायचा होता. फोन छातीवर ठेवून झोपत होते. चार दिवसांत तिघांनी केला, त्यात एक चुकून लागलेला." मग ती म्हणाली, "तू माफी मागावीस म्हणून मी थांबले नव्हते, दादा. का केला नाहीस, एवढंच मला हवं होतं. नऊ वर्षं मी तेवढंच शोधतेय. माझा काय गुन्हा झाला होता?"

"तुझा नाही."

"मग?"

दादाने मुठीवरचा हात काढला. तळव्यावर नारिंगी रंगाचा वळ उठला होता. तो फळीच्या कडेवर खाली बसला, तिच्या बुटांच्या शेजारी, आणि पहिल्यांदा आवाज खाली घेतला. इतका, की सहा जणांनाही ऐकू गेला नसता.

"आबा चार दिवस तुझंच नाव घेत होते. मी चमच्याने पाणी पाजत होतो, अंग पुसत होतो, आणि ते माझ्याकडे बघून मला बारके म्हणत होते. मला वाटलं, तू आलीच नाहीस, तर पाचव्या दिवशी तरी माझं नाव घेतील."